एलिट डेंजरस: आधी थांबायला शिका, मग उडायला

चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरणारा मालट्रकचा ड्रायव्हर वळण समोर आल्यावर ब्रेकवर उभा राहत नाही. वळणाच्या कितीतरी आधी गिअर खाली टाकून गाडी आवरून घेतो. एलिट डेंजरस हा अवकाशात जहाज उडवण्याचा संगणकावरचा खेळ हौसेने घेऊन आठवड्याभरात वैतागून सोडणाऱ्यांना नेमकं हेच कुणी सांगितलेलं नसतं. जहाज उडवायला अर्ध्या तासात येतं. ते हव्या त्या जागी थांबवणं, स्टेशनात उतरवणं आणि टाकी कोरडी व्हायच्या आत इंधन भरणं, यातच नवखा अडकतो. म्हणून इथे बंदुकांचा नंबर शेवटी लागतो.

ओळख थोडक्यात. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आणला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी १९८४ मध्ये केलेल्या 'एलिट'चा हा वारसदार. आपली आकाशगंगा इथे खऱ्या मापात उभी आहे, सुमारे ४०० अब्ज तारकाप्रणालींसह. ठरलेलं कथानक नाही, शेवटची लेव्हल नाही. माल वाहा, गुन्हेगार पकडा, कुणी न पाहिलेले ग्रह शोधा. ज्याची त्याची मर्जी. खेळातलं साल काढायला आपल्या सालात १२८६ मिळवायचे.

घेण्याआधी

पीसीवरच घ्या. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी पुढचं काम कंपनीने मार्च २०२२ मध्ये थांबवलं, त्यामुळे कन्सोलची जुनी डिस्क कुणी स्वस्तात देत असेल तरी ती महागच पडेल. खेळ एकदाच विकत घ्यायचा, महिन्याची वर्गणी नाही. ग्रहावर जहाज उतरवण्याची सोय मूळ खेळातच आहे. जहाजातून खाली उतरून पायी फिरायचं असेल तर 'ओडिसी' हा जोडभाग लागतो. पहिला महिना मूळ खेळ पुरतो. स्टीमवर सवलत वरचेवर लागते, तोवर थांबायला हरकत नाही.

मशीन: चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. कॉलेजसाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर, जिथे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच अंगात असतं, तिथे मोकळ्या अवकाशात कसंबसं चालेल, पण स्टेशनात शिरताच चित्र अडखळायला लागेल आणि अपघात नेमके तिथेच होतात. डिस्कवर ७५ जीबी मोकळी ठेवा, शक्यतो एसएसडीवर.

इंटरनेट सतत लागतं, एकट्याने खेळतानाही. एकदा डाऊनलोड झाल्यावर डेटा मात्र फार खात नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही 'सोलो', म्हणजे एकट्याने खेळायचा प्रकार, चालतो. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात लाइन जाणार हे गृहीत धरून काही सवयी लावून घ्या. स्टेशनात उभं असताना वीज गेली तर काहीच बिघडत नाही. प्रवासात गेली तर परत आल्यावर जहाज जवळपास त्याच जागी, साध्या वेगात सापडतं. पण घेतलेल्या कामाची मुदत खऱ्या घड्याळावर चालते. चोवीस तासांचं काम घेतलं आणि रात्रभर वीज नसली, तर तेवढी मुदत गेली ती गेली. पावसाळ्यात लांब मुदतीची कामं उचला. घरच्या इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये वीज जाताच क्षणभर खंड पडतो आणि डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

दर गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास बहुतेक वेळा सर्व्हरची देखभाल असते. त्या वेळी 'जोडणी तुटली' असा संदेश आला तर राउटरला शिव्या घालू नका.

सुरुवातीला तीन पर्याय दिसतात: ओपन, प्रायव्हेट ग्रुप, सोलो. आकाशगंगा तिन्हींत एकच, पैसे आणि जहाजही तेच. फरक एवढाच की दुसरे खेळाडू दिसतात की नाही. पहिले वीस तास सोलोमध्ये काढा. ओपनमध्ये नवख्यांना गंमत म्हणून उडवणारे लोक असतात. निपाणीचा मित्र आणि तुम्ही प्रायव्हेट ग्रुपमध्ये असूनही एकमेकांना दिसत नसाल, तर कारण बहुधा नेटवर्कमध्ये आहे: खेळाडूंचे संगणक एकमेकांशी थेट बोलतात, आणि मोबाइल डेटावर ती थेट वाट बऱ्याचदा बंद असते. दोघांपैकी निदान एक जण ब्रॉडबँडवर असला आणि त्याने राउटरमध्ये पोर्ट उघडलेला असला तर बहुतेक वेळा जमतं.

हाताशी काय हवं

जॉयस्टिकशिवाय हा खेळ होत नाही ही अफवा आहे. कीबोर्ड आणि माऊसवर सगळं होतं. पुढे जॉयस्टिक आणि थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायचा दांडा) घेतलंच, तर खुर्चीला जोडायचे लोखंडी ब्रॅकेट तयार मागवण्याऐवजी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याला माप देऊन करून घेणं परवडतं.

माऊसने जहाज आडवं लोळतं आणि नाक वर-खाली होतं. 'ए' आणि 'डी'ने नाक डावी-उजवीकडे वळतं. हे बदलावंसं वाटेल, बदलू नका. इथली जहाजं नाक वर उचलून भराभर वळतात आणि बाजूला मात्र जडपणे. म्हणून वळण घ्यायची रीत अशी: आधी लोळवून लक्ष्य डोक्यावर आणायचं, मग नाक उचलायचं.

बाकी कळा: 'डब्ल्यू' वेग वाढवतो, 'एस' कमी करतो, 'एक्स' थेट शून्यावर आणतो. 'टॅब' म्हणजे एकदम जोराचा धक्का. 'आर' आणि 'एफ' जहाज सरळ वर-खाली सरकवतात, 'क्यू' आणि 'ई' डावी-उजवीकडे. 'जे' म्हणजे उडी, 'एल' म्हणजे चाकं, 'यू' म्हणजे शस्त्रं बाहेर. १ ते ४ हे आकडे पटल उघडतात: १ डावं, ४ उजवं. पटलात फिरायचं डब्ल्यू-ए-एस-डीने, वरचा कप्पा बदलायचा क्यू-ई ने, निवडायचं स्पेस दाबून. 'डिलीट' कळेवर बोट जाऊ देऊ नका: त्याने सायलेंट रनिंग सुरू होतं, उष्णता बाहेर पडायची बंद होते आणि जहाज आतूनच भाजायला लागतं. नवख्याचं जहाज विनाकारण तापतंय असं दिसलं की आधी हेच तपासावं.

खेळ मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पडद्यावरचे चार शब्द आधीच ओळखीचे करून ठेवावेत. 'मास लॉक्ड' म्हणजे जवळच्या मोठ्या वस्तूमुळे उडी अडली आहे. 'इम्पॅक्ट' म्हणजे धडक बसणार. 'लॉयटरिंग' म्हणजे नको तिथे रेंगाळताय, निघा. स्टेशनच्या दारात रेंगाळण्याची शिक्षा थेट मृत्यू आहे. 'वाँटेड' म्हणजे या इसमावर इनाम आहे.

मुख्य पडद्यावर 'ट्रेनिंग' आहे. उड्डाण आणि स्टेशनात उतरण्याचे धडे तिथे आधी करा. तिथे जहाज फुटलं तर एक पैसा जात नाही.

सुपरक्रूझमध्ये थांबणं

पहिलं जहाज साईडवाइंडर. ते फुकट मिळतं आणि फुटलं तरी पुन्हा फुकटच मिळतं, त्यामुळे सगळ्या चुका यातच करून घ्या.

स्टेशनातून निघालात की 'आर'ने वर उचला, 'एल'ने चाकं आत घ्या, दारातून ताशी नव्हे तर सेकंदाला १०० मीटरच्या खाली बाहेर पडा. त्याहून जास्त वेगात कुणाला नुसता धक्का लागला तरी दंड होतो. बाहेर आल्यावर पूर्ण वेगाने स्टेशनपासून दूर जा, उजवीकडे खाली मास लॉकचा दिवा विझेपर्यंत. मग १ दाबून 'नेव्हिगेशन'मध्ये जिथे जायचं ते निवडा आणि 'जे' दाबा. उडी भरत नसेल तर तीन गोष्टी बघा: चाकं बाहेर आहेत का, शस्त्रं बाहेर आहेत का, मालाचं दार उघडं आहे का. चौथं कारण क्वचितच असतं.

आता तुम्ही सुपरक्रूझमध्ये, म्हणजे एकाच तारकाप्रणालीतल्या वेगवान प्रवासात, आहात. इथे वेग सेकंदाला ३० किलोमीटरपासून प्रकाशाच्या २००१ पटीपर्यंत जातो. मात्र तो तुमच्या एकट्याच्या हातात नसतो: मोठ्या ग्रहाजवळ किंवा ताऱ्याजवळ असताना यंत्रच वेग दाबून धरतं, मोकळ्या जागेत सोडून देतं. म्हणून वेगाचा आकडा बघत बसण्यात अर्थ नाही. लक्ष्याच्या नावाखाली जी वेळ दिसते ती बघायची.

नियम साधा आहे. वेळ ०:०७ वर आली की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर, म्हणजे निळ्या पट्ट्याच्या मधोमध आणा. आणि हात काढून घ्या. जहाज त्या सहा-सात सेकंदांच्या अंतरावर स्वतःला धरून आपोआप मंदावत जातं. बहुतेक नवखे इथेच उतावळे होतात, दूर दिसतंय म्हणून पुन्हा वेग वाढवतात. वेळ ०:०५ च्या खाली गेली की समजा, चुकलं. आता थ्रॉटल शून्य केलं तरी जहाज लक्ष्याच्या पुढे निघून जाणार, वळून परत यावं लागणार, पुन्हा पुढे निघून जाणार. ज्याला खेळाडू 'लूप ऑफ शेम' म्हणतात ते हेच.

चुकलं असं वेळेत लक्षात आलं तर लक्ष्याकडून नाक बाजूला काढून वाकडी वाट धरा. सरळ जाण्याऐवजी लांबून वळसा घेतल्याने वेग उतरायला तेवढा वेळ मिळतो. स्टेशन ज्या ग्रहाभोवती फिरतं त्याच्या जवळून गेलात तर त्याच्या गुरुत्वाचाही ब्रेक लागतो. अनुभवी लोक मुद्दाम याच ब्रेकच्या भरवशावर वेगात येतात, पण ते नंतर.

डावीकडे खाली अंतराची आणि वेगाची अशा दोन पट्ट्या असतात. दोन्ही निळ्या भागात आल्या, म्हणजे अंतर १००० किलोमीटरच्या आत आणि वेगही सेकंदाला तेवढ्याच्या खाली, की 'सेफ डिसएंगेज' दिसतं. तेव्हा 'जे'. त्याआधीच घाबरून बाहेर पडलात तर जहाज गरगरत बाहेर फेकलं जातं आणि भागांना इजा होते.

हे सगळं करणारं 'सुपरक्रूझ असिस्ट' नावाचं यंत्रही मिळतं. उजव्या पटलावर ते बसवलेलं दिसलं तर पहिल्या दिवशी बंद ठेवा. हाताने दहा वेळा थांबता आलं की मग खुशाल लावा. उलट क्रमाने गेलेल्यांना कुणी मध्येच ओढून बाहेर काढलं की काय करावं ते सुचत नाही.

एक नवी भानगड: मे २०२४ पासून 'एससीओ' जातीची उडीयंत्रं आली आहेत. ती सुपरक्रूझमध्ये असतानाच जबरदस्त वेग देतात, पण इंधन ढोसतात, तापतात आणि जुन्या बांधणीची जहाजं त्यांच्यात डगमगतात. दोन टनांच्या टाकीवर त्यांचा नाद करू नका.

स्टेशनात उतरणं

हे क्रमाने करायचं, आणि हा क्रम कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला तरी चालेल.

१. स्टेशनपासून ७.५ किलोमीटरच्या आत या. त्याआधी मागितलेली परवानगी नाकारली जाते.

२. १ दाबा, 'कॉन्टॅक्ट्स' कप्प्यात स्टेशन निवडा, 'रिक्वेस्ट डॉकिंग'. मंजूर झालं की धक्क्याचा, म्हणजे जहाज उतरवायच्या फलाटाचा, क्रमांक मिळतो आणि दहा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं.

३. दार शोधा. डावीकडे खाली स्टेशनचं लहानसं चित्र असतं, त्यावरचे बाण दाराकडे सरकतात. मोठ्या फिरत्या स्टेशनचं दार बहुधा त्याच्या ग्रहाच्या दिशेला असतं. म्हणून मुळात ग्रहाच्या बाजूने आलात तर फेरा वाचतो.

४. दारासमोर सरळ या. हिरवे दिवे तुमच्या उजव्या हाताला हवेत. आपल्याकडे डावीकडून वाहन चालवायची सवय, तिथे उजवीकडून. लाल दिव्यांच्या बाजूने घुसलात तर समोरून बाहेर येणारं मोठं मालवाहू जहाज तुम्हाला चेपणार.

५. वेग १०० मीटरच्या खाली ठेवून, जहाज स्टेशनसोबत लोळवत आत शिरा. आत गेलात की स्टेशनचं फिरणं जहाज आपोआप जुळवून घेतं.

६. 'एल'ने चाकं काढा. हे विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. चाकांशिवाय धक्का तुम्हाला स्वीकारत नाही आणि तुम्ही तळ घासत बसता.

७. आपल्या क्रमांकाच्या धक्क्यावर या, रडारच्या जागी दिसणाऱ्या चित्रात जहाज मधोमध आणा, 'एफ'ने हळू खाली सोडा. जहाजाचं तोंड उलट असेल तर धक्का घेत नाही.

परवानगी नाकारली जायची कारणं मोजकी: दूर आहात, शस्त्रं बाहेर आहेत, तिथल्या सत्तेशी वाकडं आहे, किंवा तुमच्या मापाचा धक्काच तिथे नाही. शेवटचं कारण मोठं जहाज घेणाऱ्यांना पुढे फार छळतं. 'आउटपोस्ट' जातीच्या छोट्या स्टेशनांवर मोठ्या जहाजांना जागाच नसते.

डॉकिंग कॉम्प्युटर असेल तर परवानगी मिळाल्यावर 'एक्स' दाबून थ्रॉटल शून्य करा, पुढचं तो बघतो. घाईच्या वेळी दारात गर्दी असली की तोही गोंधळतो. तेव्हा थ्रॉटलला हात लावला की ताबा परत तुमच्याकडे येतो.

उडी आणि इंधन

दुसऱ्या ताऱ्याकडे जायचं तर आकाशगंगेचा नकाशा उघडा, तारा निवडा, मार्ग आखा. साईडवाइंडरची उडी मूळ यंत्रावर साडेसात प्रकाशवर्षांच्या आसपास असते, त्यामुळे लांबच्या ताऱ्याला अनेक उड्या लागतात.

मार्ग आखण्याआधी नकाशात ताऱ्यांची गाळणी लावा: फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के, एम वर्गाचे तारे. याच सात वर्गांच्या ताऱ्यांतून इंधन ओढता येतं. पाठ करायला जगभरचे खेळाडू 'केजीबी फोम' म्हणतात. तपकिरी खुजे तारे, श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे यांतून काही मिळत नाही; श्वेतबटू आणि न्यूट्रॉन ताऱ्यांचे झोत तर जहाज उलथंपालथं करतात.

मुळातल्या साईडवाइंडरवर इंधन ओढणारं 'फ्युएल स्कूप' नसतं. सर्वात लहान काही शे क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे खेळातले पैसे) मिळतं. पहिली कमाई त्यावर खर्च करा, बंदुकीवर नाही.

उडी चालू असतानाच 'एक्स' दाबून थ्रॉटल शून्यावर ठेवा. कारण उडीच्या बोगद्यातून बाहेर पडताच तारा थेट नाकासमोर असतो. मग नाक थोडं बाजूला काढून, ताऱ्याला खांद्याला ठेवून, हळूहळू जवळ सरका. स्कूप आपोआप सुरू होतं आणि किती वेगाने भरतंय ते दिसतं. तापमान ६५-७० टक्क्यांच्या पुढे जाऊ लागलं की जरा लांब व्हा. शंभराच्या वर जहाजाचे भाग जळायला लागतात. ताऱ्याभोवतीची तुटक रेषा ओलांडली तर जहाज सुपरक्रूझमधून खाडकन बाहेर पडतं. तसं झालं तर घाबरून लगेच उडी मारू नका: नाक ताऱ्यापासून फिरवा, यंत्र थंड होऊ द्या, पडदा दाखवेल त्या दिशेने निघा.

टाकी भरली की आधी ताऱ्यापासून दूर जा, मग पुढची उडी भरा. उडी भरताना यंत्र स्वतःच उष्णता ओकतं. ताऱ्याच्या कुशीत बसून ती भरणं म्हणजे उकळत्या तेलाखालचा जाळ वाढवणं.

तरीही इंधन संपलंच तर शेवटचा थेंब सुपरक्रूझमध्ये जाळू नका, थांबा. इंधन पूर्ण संपलं की प्राणवायूचं घड्याळ सुरू होतं. स्वस्तातल्या यंत्रावर तो पाच मिनिटं पुरतो. घड्याळ दिसताच मुख्य मेनूत बाहेर पडा. मग 'फ्युएल रॅट्स'ना हाक मारा. २०१५ पासून हे खेळाडू अडकलेल्यांना इंधन पोचवतात, तेही फुकट. ते विचारतील तेवढंच सांगा, आणि 'या' म्हटल्याशिवाय खेळात परत शिरू नका. तुमचा प्राणवायू त्यांना तुमच्याजवळ येईपर्यंत जपायचा असतो.

पहिली कमाई

स्टेशनच्या मिशन बोर्डवर कागदपत्रं किंवा माहिती पोचवण्याची कामं असतात. त्यांना मालाची जागा लागत नाही. एकाच दिशेची चार-पाच उचला, एका फेरीत सगळी उरकतात. एका वेळी वीस कामं हाती ठेवता येतात. नवख्यांसाठी राखलेल्या पायलट्स फेडरेशनच्या भागात सुरुवात केली असेल तर तिथली स्पर्धा हलकी असते. दर्जा वाढला की परवाना जातो आणि बाहेर पडलेल्याला परत घेत नाहीत, तेव्हा तिथे जे शिकायचं ते शिकून निघा.

पहिल्या टप्प्याचं ध्येय कोब्रा मार्क थ्री: साडेतीन लाख क्रेडिटच्या आसपास. माल, लढाई, भटकंती सगळ्याला पुरतं, आणि लहान धक्क्यावर उतरतं.

भाग घेताना आकडा म्हणजे माप, अक्षर म्हणजे दर्जा. ए सर्वात समर्थ आणि महाग, डी सर्वात हलका, ई सर्वात स्वस्त. बी दणकट पण जड. नवख्याला सगळं 'ए' घ्यावंसं वाटतं. उडीयंत्र 'ए' घ्या. प्राणवायू आणि सेन्सर 'डी', कारण हलकं जहाज लांब उडी मारतं. पण साईडवाइंडरवर हा खर्च नको. बत्तीस हजारांच्या जहाजाला दीड लाखांच्या वरचं उडीयंत्र म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

जहाज फुटलं तर त्याच्या भागांसह किमतीच्या ५ टक्के भरून ते परत मिळतं. दहा लाखांच्या जहाजाला पन्नास हजार. तेवढे खिशात नसतील तर उडू नका. भरता आले नाहीत तर हाती पुन्हा साईडवाइंडर. जवळचा माल, न विकलेली शोधमाहिती आणि न वटवलेली इनामं मात्र कोणत्याही परिस्थितीत परत येत नाहीत. म्हणून लांबच्या सफरीनंतर पहिलं काम माहिती विकणं.

ओडिसी असेल तर एक रस्ता फार लवकर श्रीमंत करतो: ग्रहांवरच्या जिवांचे नमुने. त्यासाठी आर्टेमिस सूट लागतो, दीड लाखांचा. ग्रहाचा पृष्ठभाग तपासणारा स्कॅनर अडीच लाखांचा. म्हणजे चार लाख जमेपर्यंत कागदपत्रं वाहा. मग स्कॅनरने जीव असलेला ग्रह शोधा, विरळ वातावरणाच्या त्या ग्रहावर उतरा, एकाच जातीचे तीन नमुने घ्या. दोन नमुन्यांत ठरावीक अंतर लागतं, बॅक्टेरियमला ५०० मीटर. मध्येच दुसऱ्या जातीचा नमुना घेतलात तर आधीचे वाया. सर्वात स्वस्त बॅक्टेरियमलाही १० लाख मिळतात, आणि त्या ग्रहावर तो तुम्हीच पहिल्यांदा नोंदवला असेल तर पाचपट. उतरण्याआधी ग्रहाचं गुरुत्व वाचा. १ जीच्या (पृथ्वीइतक्या गुरुत्वाच्या) वर गेलं की लहान जहाजही दगडासारखं खाली येतं.

कुणी अडवलं तर

सुपरक्रूझमध्ये अचानक जहाज हिसके द्यायला लागलं आणि एक निळा ठिपका पळू लागला तर कुणीतरी तुम्हाला बाहेर ओढतंय. ठिपक्यामागे नाक ठेवत राहिलात तर सुटका होते. जमत नसेल तर झटापट नको: थ्रॉटल शून्य करा, स्वतःहून बाहेर पडा. हरून बाहेर पडलात तर उडीयंत्र बराच वेळ बंद राहतं आणि जहाजाला मारही बसतो. स्वतःहून पडलात तर ते लवकर तयार होतं. बाहेर आल्यावर बाणांच्या कळांनी शक्ती इंजिनाकडे वळवा, 'टॅब' मारा, आणि दुसऱ्या ताऱ्याकडे उडी भरा. शेजारचं मोठं जहाज तुमचं सुपरक्रूझ अडवू शकतं, दुसऱ्या ताऱ्याची उडी नाही.

स्वतः गोळी झाडण्याआधी जहाजाकडे नाक धरून 'टी' दाबा आणि 'वाँटेड' दिसेपर्यंत थांबा. त्याआधी झाडलीत तर गुन्हेगार तुम्ही. इनाम तुमच्यावर लागलं तरी ते लावणाऱ्या गटाच्या हद्दीपुरतं असतं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की पोलीस बदलतात, तसंच. पलीकडे तुम्ही साव. मात्र ते इनाम त्या जहाजाला चिकटलेलं राहतं. फेडायला 'इंटरस्टेलर फॅक्टर्स'ची कचेरी असलेलं स्टेशन शोधा, थोडं जादा घेतात पण मिटतं. पहिल्या शिकारी खाणींच्या जागी करा, जिथे पोलिसांची जहाजं आधीच लढत असतात. त्यांनी अर्धमेलं केलेल्याला शेवटचे दोन ठोके तुमचे लागले तरी इनाम मिळतं.

काम उचलताना शेवटची तपासणी

मोबदला आधी वाचू नका, अंतर वाचा. प्रत्येक कामाखाली स्टेशन मुख्य ताऱ्यापासून किती प्रकाशसेकंद लांब आहे ते लिहिलेलं असतं. एक प्रकाशसेकंद म्हणजे तीन लाख किलोमीटर. हजारापर्यंत ठीक, लाखाच्या घरात गेलं तर मोबदला दुप्पट असला तरी सोडा.

अल्फा सेंटॉरीतलं हटन ऑर्बिटल हे याचं टोक. मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष दूर. साध्या सुपरक्रूझने नाक सरळ धरून तासाभराहून जास्त नुसतं बघत बसायचं. तिथे पोचणाऱ्याला अ‍ॅनाकोंडा हे महाकाय जहाज फुकट मिळतं, असं चॅटवर कुणीतरी नक्की सांगेल. हटन ही आउटपोस्ट आहे. अ‍ॅनाकोंडाला मोठा धक्का लागतो, आणि तो तिथे नाही. मिळतो तो 'हटन मग' नावाचा पेला, तोही पैसे मोजून.